आय ॲम कर्टन

भावंडांत मोठी म्हणून पडलेलं ‘थोरली’ हे नाव तिला लग्नानंतरही सुटलं नाही. सासरी येऊन वर्षं लोटली, लेक कॉलेजला जाऊ लागली, तरी शेजारपाजारचे तिला थोरलीच म्हणत. दुकानात मात्र ती मावशी होती. तिथल्या मालकाहून ती वयाने लहान होती, पण हे त्याला कोण सांगणार?

दुकान पडद्यांचं होतं. पुढे काचेचा हॉल, त्यात कापडांची ठाणं, आणि मागे शिलाईची खोली. थोरली शिवायची, पण तिचा जीव रमायचा तो बाहेरच्या कामात. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, खिडकीत ऊन कुठून येतं ते बघायचं, अस्तर लावायचं की नाही ते सांगायचं. अनोळखी घरात स्टुलावर चढून उभं राहिलं की तिला वाटे, आपण थोड्या वेळापुरत्या ह्या घराच्या कुणीतरी आहोत.

ते काम मालकाने एका सकाळी काढून घेतलं.

“नव्या टॉवरमधल्या बाईंचा फोन आला होता,” तो मोबाइलकडे बघत म्हणाला. वाईट काही बोलायचं असलं की तो मोबाइलकडेच बघायचा. “म्हणाल्या, तुमची बाई नुसती मान हलवते.”

“त्या इंग्रजीत विचारत होत्या.”

“तेच तर.”

“मापं चुकली का?”

“मापांचं कोण बोलतंय, मावशी? लोक आता बोलणं बघतात. उद्यापासून काउंटरवरची पोरगी जाईल. तुम्ही मागे बसा, आरामात शिवा.”

आराम! दिवसभर तो शब्द थोरलीच्या डोक्यात सुईसारखा टोचत राहिला. ज्या पोरीला सुलटी शिवण आणि उलटी शिवण कळत नव्हती ती मापं घेणार, का तर तिला ‘ओके मॅम, शुअर मॅम’ म्हणता येतं. थोरलीने त्या दिवशी मशीन इतकं दामटलं की शेजारची म्हणाली, “अगं, कापड आहे ते, त्याने काय केलंय तुझं?”

घरी जाताना चपलांच्या दुकानावरची पाटी तिने रोज पाहिली होती. त्या संध्याकाळी ती जिना चढून वर गेली आणि नाव घालून आली. ‘व्यापार, जाहिरात आणि शहर: रोजच्या जगण्यातून इंग्रजी’ असा तो क्लास होता.

पहिल्या दिवशी क्लासचे सर स्वतः आले. पांढरे बूट, मऊ आवाज, प्रत्येकाच्या खांद्यावर हात. त्यांनी खोलीच्या टोकाला कॅमेरा आणि मोठा दिवा लावला होता.

“प्रत्येकाने समोर यायचं आणि आपण काय करतो ते इंग्रजीत सांगायचं,” ते म्हणाले. “घाबरू नका. हे फक्त आपल्यासाठी आहे. कोर्स संपला की बघाल आणि स्वतःलाच हसाल.”

थोरलीने लेकीकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं. पण दिवा तोंडावर आला आणि ते वाक्य कुठल्या कुठे पळालं.

“आय...” ती म्हणाली. घाम फुटला. “आय ॲम... कर्टन.” काहीतरी राहिलंय हे तिला जाणवलं, पण काय ते कळेना. म्हणून तिने ठासून सांगितलं, “येस. आय ॲम कर्टन.”

सगळे हसले. तीही हसली. त्या हसण्यात काही टोचलं नाही, कारण तिच्या आधीच्या टॅक्सीवाल्याने स्वतःचं म्हणून बायकोचं नाव सांगितलं होतं आणि एका केशकर्तन करणाऱ्याने ‘आय कट पीपल’ म्हणून सगळ्यांना घाबरवलं होतं. एकाच होडीतली माणसं होती ती.

शिकवायला एक तरुण बाई होत्या, पहिल्या दिवशी कॅमेऱ्यामागे उभ्या होत्या त्याच. बोलून बोलून घसा बसलेल्या, पण मनापासून शिकवणाऱ्या. त्या जाहिरातींची कात्रणं भिंतीवर लावत आणि एकेक शब्द सोडवून दाखवत.

“जाहिरात सगळ्यात आधी काय विकते?” त्यांनी एकदा विचारलं.

“माल,” टॅक्सीवाला म्हणाला.

“नाही. आधी तुमची उणीव विकते. तुमचे दात पिवळे आहेत, तुमचं घर अंधारं आहे, तुम्ही मागे पडलात. ते तुम्हाला पटलं की माल आपोआप जातो.”

व्यापाराच्या धड्यात त्यांनी तक्रार करायला शिकवलं. आपण कोण, काय झालं, आपल्याला काय हवं, एवढंच बोलायचं. “आणि सॉरी म्हणून सुरुवात करायची नाही,” बाई बजावत, “तक्रार तुमची आहे.” शहराच्या धड्यासाठी त्या सगळ्यांना रस्त्यावर पाठवत. बँकेत विचारा, स्टेशनवर विचारा. थोरलीने एका लिफ्टमध्ये सूटबूटवाल्या माणसाला “विच फ्लोअर, सर?” असं विचारलं. त्याने मजला सांगितला, थँक्यूही म्हटलं. तिने ते घरी येऊन नवऱ्याला इतक्यांदा सांगितलं की शेवटी तो म्हणाला, “अगं, लिफ्टवाला मी आहे की तू?” तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

कोर्स निम्म्यावर आला असेल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काउंटरवरची पोरगी मागच्या खोलीत आली. तोंडावर हात, हसून डोळ्यांत पाणी.

“मावशी, ह्या तुम्हीच ना?”

मोबाइलवर थोरली होती. रंग काढून टाकलेली, काळपट. घामेजलेला चेहरा अगदी जवळून, हळू केलेला. “आय... ॲम... कर्टन.” मग ढोल पडल्यासारखा आवाज. तिच्या गळ्याभोवती कुणीतरी चुणीदार पडदा चितारला होता. मागे माणसं खदाखदा हसत होती. ते हसू त्या दिवशीचं नव्हतं. कुठून तरी आणून चिकटवलेलं होतं. मग एकदम रंग आले, ब्लेझर घातलेली एक गोरीपान मुलगी इंग्रजीची सरबत्ती करत पुढे आली आणि अक्षरं उमटली: ‘पडदा राहू नका. पडदा उघडा! फक्त तीन महिन्यांत!’

ती मुलगी क्लासात कुणी कधी पाहिलेली नव्हती.

“परत लाव,” थोरली म्हणाली.

“जाऊ द्या ना मावशी, गंमत आहे.”

“परत लाव म्हणते ना!”

दुसऱ्यांदा पाहताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने काही फेकलं नाही, की ती रडली नाही. उठली, मशीनपाशी गेली आणि हातातला पडदा संपवला. संपवून बघते तर सगळ्या चुण्या उलट्या बाजूला घातलेल्या. ती ते उसवत बसली. बाहेर हॉलमध्ये कुणीतरी ते वाक्य म्हणत होतं आणि कुणीतरी हसत होतं.

घरी नवऱ्याच्या मोबाइलवर ते आधीच पोचलं होतं.

“काय फेमस झालीस गं!” तो दारातच म्हणाला. “आमच्या साहेबाने पाठवलं मला. त्याला माहीतसुद्धा नाही माझी बायको आहे ते!”

“तुम्ही हसलात?”

“अगं, म्हणजे... गंमतच आहे ना.”

“कुणाची?”

तिने पातेलं ओट्यावर असं आपटलं की झाकण घरंगळत कोपऱ्यात गेलं.

“सांगा ना, कुणाची गंमत? तुमच्या साहेबाला काय सांगितलंत? ही माझी बायको आहे, असं म्हणालात?”

तो म्हणाला नव्हता. झाकण उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

लेक उशिरा आली. डोळे सुजलेले. वर्गात मोठ्या पडद्यावर कुणीतरी ते लावलं होतं.

“सगळे म्हणत होते, तुझ्यासारखी दिसते ही बाई,” ती म्हणाली. “मी म्हटलं, माझी कुणी नाही.”

थोरलीने चालू असलेला नळ घट्ट बंद केला.

“बरं केलंस,” थोरली म्हणाली. त्या आवाजाला लेक इतकी घाबरली की पुढे आलीच नाही. त्यानंतर काही दिवस मायलेकींत कामापुरतंही बोलणं झालं नाही. लेकीचं वाढलेलं ताट थोरली तिच्यासमोर ठेवायची आणि दुसरीकडे जाऊन बसायची. मनात तिला कळत होतं, हा राग पोरीच्या वाट्याचा नाही. पण ज्याच्या वाट्याचा होता तो हाती लागेपर्यंत तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

चौकातल्या मोठ्या स्क्रीनवरही ती जाहिरात झळकली, तेव्हा ती सरांच्या केबिनमध्ये गेली. सर उभे राहिले.

“अभिनंदन! या, बसा. तुम्ही तर स्टार झालात!”

“ते काढून टाका.”

“ताई, आता ते आपल्या हातात कुठे आहे? लोकांनी उचललंय.”

“चौकातल्या मोठ्या स्क्रीनवर लोकांनी लावलंय का? तुम्ही म्हणाला होतात, हे फक्त आपल्यासाठी.”

“आपल्यासाठीच तर आहे. आपला क्लास, आपली जाहिरात.” ते हसले. “आणि वाईट काय त्यात? तुम्ही जे बोललात तेच आहे. मी तुमच्या तोंडी घातलंय का?”

सर पुढे झुकले.

“असं करू, तुमचा ‘नंतर’चा व्हिडिओ करू. मी लिहून देतो, तुम्ही पाठ करा. छान मेकअप करू. लोक म्हणतील, वा!”

क्षणभर तिचं मन डळमळलं. छान साडी, नीट केस, फाडफाड इंग्रजी. लेकीच्या वर्गात ते लावलं तर?

“मग पहिला काढाल?”

“पहिला कसा काढणार? तो नसेल तर दुसऱ्याला काय चव?”

ती उठली. खुर्ची मागे पडली ती तिने उचलली नाही.

वर्गात तिने सगळ्यांना सांगितलं, उद्या तुमचंही लावतील. टॅक्सीवाला म्हणाला, “मला घेतलं असतं तर मी टॅक्सीच्या काचेवर चिकटवलं असतं!” बाकीच्यांनी पुस्तकात डोकी घातली. बाई फळा पुसत म्हणाल्या, “मी बोलले सरांशी. ऐकत नाहीत. मला नोकरी टिकवायचीय, ताई.”

“टिकवा,” थोरली म्हणाली. “नीट टिकवा.”

ह्या सगळ्यावर कडी केली ती दुकानाच्या मालकाने. एका सकाळी तो मोबाइल खिशात ठेवून, चक्क तिच्याकडे बघून बोलला.

“मावशी, दुकानाचं नाव काढलंत! गिऱ्हाइकं विचारतायत तुम्हाला. उद्यापासून मापं घ्यायला तुम्हीच जा.”

तिला खरंच वाटेना. “मीच?”

“तुम्हीच. घरात शिरलात की एकदा ते वाक्य म्हणायचं. लोकांना आवडतं हो. आणि बाहेर पाटी लावू, तुमचा फोटो, खाली ते वाक्य.”

जे काम परत मिळावं म्हणून तिने हा सगळा खटाटोप केला होता ते काम असं, विदूषकाची टोपी घालून, तिच्यासमोर उभं होतं. तिने गळ्यातली टेप काढली आणि काउंटरवर ठेवली.

“पोरीला पाठवा,” ती म्हणाली, “आणि पाटीवर स्वतःचा फोटो लावा.”

ती निघाली तेव्हा मालक मागून ओरडत होता, “अहो, चांगलं सांगतोय मी!” त्याला खरोखरच वाटत होतं तो चांगलं सांगतोय, आणि ह्याचाच तिला जास्त संताप येत होता.

रविवारी क्लासचं फुकट व्याख्यान होतं, नव्या लोकांना गळाला लावण्यासाठी. थोरली तयार होऊन निघाली तसा नवराही शर्ट चढवू लागला.

“तुम्ही कशाला? हसायला?”

त्याने चपला चढवल्या. मागोमाग आला आणि हॉलच्या दाराशी उभा राहिला.

हॉल भरलेला होता. ती शेवटच्या रांगेत बसली. सर बोलले, दिवे मालवले, आणि पडद्यावर ती आली, भिंतीएवढी. “आय... ॲम... कर्टन.” हॉलमध्ये हशा फुटला. तिच्या शेजारचा माणूस हसून हसून डोळे पुसत होता. पुसता पुसता त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा रुमाल तसाच राहिला.

थोरली उठली आणि मधल्या वाटेने सरळ पुढे गेली. प्रोजेक्टरचा झोत तिच्या अंगावर पडला, तिचाच चेहरा तिच्या पदरावर हलू लागला.

“स्टॉप,” ती म्हणाली.

मग तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं. त्या हॉलमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“आय मेक कर्टन्स. धिस मॅन टेक माय व्हिडिओ. ही से, ओन्ली फॉर अस. ही लाय. नाऊ ऑल सिटी लाफ.” तिचा श्वास लागला होता, पण आवाज खाली आला नाही. “आय वॉन्ट, यू स्टॉप. टुडे.”

मग सरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“लेडीज अँड जंटलमन!” ते माइकवर ओरडले. “ओळखलंत? ह्याच त्या ताई! बघा कॉन्फिडन्स! हा आमचा रिझल्ट! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. मोबाइल वर झाले. मघाशी हसणारी माणसं आता कौतुकाने माना डोलावत होती. थोरली मधोमध उभी होती आणि तिला कळलं की तिचा रागसुद्धा ह्या माणसाने हातोहात विकला.

“बंद करा टाळ्या!”

हे तिने आपल्या भाषेत म्हटलं, आणि असं म्हटलं की पुढच्या रांगेतल्या बाईचे हात हवेतच थांबले.

“मी ह्यांनी शिकवलं म्हणून बोलत नाहीये. मला राग आलाय म्हणून बोलतेय! तो मला कुणी शिकवला नाही. मघाशी तुमच्यात बसले होते मी, तुम्ही हसताना. पहिल्या दिवशी काय बोलता येतं हो माणसाला? तुम्हाला काय येणारे? हाच दिवा तुमच्या तोंडावर लावणार आहेत, हेच सांगून, की फक्त आपल्यासाठी!”

“ताई, ड्रामा नको,” सर दातओठ खात म्हणाले आणि त्यांनी रखवालदाराला खूण केली. रखवालदाराने तिचा दंड धरला. तेवढ्यात दाराजवळचा नवरा रांगा ओलांडत, लोकांच्या पायांवर पाय देत धावला.

“हात सोड! माझी बायको आहे ती!”

रखवालदाराने हात सोडला. स्टेजच्या कडेला शिकवणाऱ्या बाई लॅपटॉपपाशी बसल्या होत्या. त्यांनी पडदा काळा केला आणि दुसरा माइक उचलला.

“त्या खरं बोलतायत,” त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. “रेकॉर्डिंग मीच करते. उद्याच्या बॅचचंही मीच करणार होते.”

सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तिथेच त्यांची नोकरी संपली.

काही माणसं उठून गेली. बरीचशी बसून राहिली. बाहेर पडताना थोरलीने एका बाईला टेबलापाशी विचारताना ऐकलं, “पण बोलायला शिकवतात ना? मग नाव कुठे घालायचं?” थोरलीला तिच्या तोंडात द्यावीशी वाटली. पण तीही कुठून तरी मान खाली घालून आलेली असणार.

पुढच्याच आठवड्यात नवी जाहिरात आली. हॉलमध्ये उभी थोरली, तिची इंग्रजी वाक्यं, त्यातलं ‘ही लाय’ कापलेलं, आणि लगेच उभं राहून टाळ्या वाजवणारे लोक. आधी आणि नंतर, दोन्ही शेजारी शेजारी.

ते पाहून ती पहिल्यांदा रडली. संतापाने, मुठी आवळून. लेकीने दारातून पाहिलं. ती आत आली नाही. पलंगावर मोबाइल घेऊन बसली आणि जिथे जिथे ती जाहिरात होती तिथे तिथे खाली लिहीत गेली, आपल्या नावासकट: ‘ही माझी आई आहे. तिला न विचारता हे लावलंय. तिचं बोलणं कापलंय.’ क्लासवाल्यांनी खोडलं की परत लिहायची. तिच्या मैत्रिणी लिहू लागल्या. वर्गात ज्याने ते लावलं होतं त्या मुलानेही लिहिलं. नवऱ्याने दोन बोटांनी, चुका करत, तेच लिहिलं आणि साहेबाला पाठवलं.

“मी तेव्हा ‘माझी कुणी नाही’ म्हटलं होतं,” लेक एका सकाळी आईपाशी येऊन म्हणाली.

“हो. म्हटलं होतंस,” थोरली म्हणाली. तिने लगेच जवळ घेतलं नाही. पण ताट समोर ठेवून ती तिथेच बसली.

नाव घालायला येणारे लोक ते वाचून प्रश्न विचारू लागले, तशी सरांनी दोन्ही जाहिराती काढल्या. लाज वाटून नव्हे, धंदा बसायला लागला म्हणून. माफी कुणी मागितली नाही. कुणाकुणाच्या मोबाइलवर ते वाक्य अजून फिरत असतं. मधेच कुणी रस्त्यात तिला ओळखतो आणि ती त्याच्याकडे असं बघते की तो रस्ता बदलतो.

आता ती एका कारखान्यात असते. तिथे हॉस्पिटलांसाठी पडदे आणि चादरी शिवतात. तिथल्या बायकांना आठवड्यातून एकदा क्लासातल्या त्याच बाई इंग्रजी शिकवायला येतात. पहिल्या दिवशी थोरलीने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, “आधी सांगा, त्या रविवारपर्यंत लोकांसमोर गप्प का बसलात?” नोकरी जाईल अशी भीती होती, असं बाईंनी खाली मान घालून सांगितलं. ते तिला पुरेसं वाटलं नाही, पण ती वर्गात बसली.

परवा गिरणीकडून कापड आलं, ते डागाळलेलं. गिरणीचा माणूस फोनवर इंग्रजीशिवाय बोलेना. मुकादमीण हात झटकून मोकळी झाली, तसा थोरलीने फोन घेतला.

“यू सेंड बॅड क्लॉथ,” ती म्हणाली. “हॉस्पिटल क्लॉथ. सिक पीपल. यू टेक बॅक.”

तो काहीतरी भराभर बोलला. त्यातलं निम्मं तिला कळलं. बोलता बोलता तो हसला.

“व्हाय यू लाफ?” तिने विचारलं. “टेल मी. आय वेट.”

त्याने फोन ठेवला. शिलाईच्या खोलीत सगळी मशीनं थांबली होती. थोरलीने पदर खोचला आणि पुन्हा नंबर लावला.